सहाव्या गल्लीचं मिनिट

अख्ख्या मराठवाड्यात बिनचूक चालणारी एकच गोष्ट मी पाहिली आहे, आणि ती म्हणजे आमचे साडू. एसटी चुकते, पाऊस चुकतो, उदगीर जिल्हा होणार ही बातमी तर दर दोन वर्षांनी चुकते. पण आमचे साडू ‘सर, पावणेचारला येतो’ म्हणाले की पावणेचारला दारात चप्पल वाजलीच. हे मी कौतुकानं सांगत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी जळून सांगतो आहे. त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. मी थोरला जावई, ते धाकटे. मी लातूरकडच्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. त्यातली पदव्युत्तर पदवी माझ्याकडे आहे आणि ती फ्रेम करून भिंतीवर लावलेली आहे. साडू दहावीला गणितात गचकले आणि त्यांनी उदगीरला दुरुस्तीचं दुकान टाकलं. आता तुम्हीच सांगा, सासरवाडीत मिक्सरपासून मोबाइलपर्यंत काहीही बंद पडलं तर हाक कुणाला मारायला हवी? पण नाही. मी समोर ढळढळीत बसलेला असताना सासूबाई माझ्या डोक्यावरून फोन मागवून घेतात आणि साडूंना लावतात.

त्यांचं दुकान स्टेशनच्या रस्त्याला आहे. आत दोन माणसं बसली की तिसऱ्यानं बाहेर उभं राहून बोलावं, एवढंच. पाटीवर दुकानाचं नाव, खाली ‘ता. उदगीर, जि.’ आणि त्यापुढं कोरी जागा. पाटी रंगवणाऱ्यानं विचारलं तेव्हा साडू म्हणाले होते, “राहू द्या तेवढं. आज ना उद्या जिल्हा होऊनच राहिलाय. परत खोडायची तकलीफ कशाला?” त्याला किती वर्षं झाली ते मोजायचं मी सोडून दिलं आहे, पण साडू दर सोमवारी बाकी पाटी सोडून ती कोरी जागा तेवढी ओल्या फडक्यानं पुसतात.

साडूंचे वडील देवणीच्या बैलबाजारात दलाल. ते वळण पोरात पुरतं उतरलेलं. कुणी बिघडलेलं सर्किट आणलं की साडू आधी त्याला हात लावत नाहीत. टेबलावर ठेवतात, चारी बाजूंनी बघतात, वाकून चिपचे पाय बघतात, आणि मगच म्हणतात, “जनावर चांगलं हाय, खुराक चुकला.” बाजारातले व्यापारी टॉवेलखाली एकमेकांचा हात धरून बोटांनी आकडे सांगतात ना, तशी साडूंनाही सवय. पाचही बोटं दाबली म्हणजे पाच, एक दाबलं म्हणजे एक. लग्नाच्या मांडवात पंगतीला किती पानं वाढायची हेसुद्धा ते माझ्या हातावर टॉवेल टाकून बोटं दाबून सांगतात. मी प्राध्यापक माणूस, चारचौघांत असं टॉवेलखाली हात धरून उभं राहणं मला शोभतं का? पण ते हात सोडतील तर शपथ.

खिशात त्यांच्या पानाचा पितळी डबा असतो. पान ते खात नाहीत. चुन्याच्या, काताच्या, सुपारीच्या कप्प्यांत क्रिस्टल भरलेले असतात. बोटाच्या पेराएवढी पत्र्याची टोपी, खाली दोन पाय. चुन्याच्या कप्प्यात बारावाले, काताच्या कप्प्यात अकरावाले, आणि सुपारीच्या जागी घड्याळातले, तांदळाएवढे. देगलूरच्या एका पाहुण्यांनी एकदा लवंग समजून त्यातला एक चावला होता. दाताचा टवका उडाला. साडूंनी धावत जाऊन क्रिस्टल धुतला, तपासला आणि हुश्श करून म्हणाले, “चालू हाय.” पाहुण्यांच्या दाताचं त्यांना तिसऱ्या दिवशी आठवलं.

हा क्रिस्टल म्हणजे काय, हे त्यांनी एकदा सासूबाईंना समजावून सांगितलं. सासूबाई लसूण सोलत होत्या. “मामी, ह्याच्या आत गारगोटीचा पातळ कपचा असतो. वीज लागली की थरथरतो. ही आपली हलगी समजा. आन् चिप म्हणजे लेझमाचा ताफा. हलगी वाजल्याबिगर ताफा पाऊल उचलत न्हाई.” सासूबाई म्हणाल्या, “किती वाजते हलगी?” “बारावाला असला तर सेकंदाला एक कोटी वीस लाख ठोके.” “मेल्या, मोजतं कोण?” “चिपच मोजती. एक कोटी वीस लाख झाले की एक सेकंद झाला म्हण, असं मी तिला लिहून दिलेलं असतं. आता हलगीवाला सुस्त निघाला, सेकंदाला एक कोटी दहा लाखच वाजवाय लागला, तर तिला काय ठाव? ती आपली आकडा पुरा होईस्तोवर थांबती. तिचा सेकंद लांबतो.” “आन् तिला कळत न्हाई?” “बिल्कुल न्हाई. तिला सवताचं घड्याळच न्हाई, मामी.” सासूबाईंनी मान डोलावली आणि पुढची पाकळी हातात घेतली. हेच प्रकरण शिकवायला मला तीन तास लागतात, दोन सूत्रं लागतात, आणि शेवटच्या बाकावरची पोरं घोरतात. माझ्या नाकाला किती मिरच्या झोंबल्या असतील, विचार करा.

घरीही सुटका नाही. आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला साडूंनी हातानं बनवलेलं घड्याळ दिलं. तंत्रनिकेतनानं मला उत्कृष्ट शिक्षक म्हणून दिलेलं घड्याळ तेव्हा हॉलमध्ये होतं. सुनंदानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, ते काढून माळ्यावर टाकलं आणि साडूंचं लावलं. “तुमचं मागं पडतं हो,” म्हणाली. ती घड्याळाबद्दलच बोलत होती, अशी मी मनाची समजूत घालून घेतली आहे.

पण खरी ठिणगी पडली ती आमच्या प्रयोगशाळेत. बाहेरून तपासणीला पाहुणे आले होते आणि मी स्वतः जोडलेलं सर्किट त्यांना दाखवत होतो. काय झालं होतं, की तपासायच्या यंत्राची सुई क्रिस्टलच्या पायाला टेकवलेली असेल तोवर सर्किट चालायचं, सुई काढली की ठप्प. दोन दिवस मी डोकं आपटत होतो. पाहुण्यांसमोरही तेच. एवढ्यात साडू आले. मेहुणीनं आमच्यासाठी धपाटे पाठवले होते, तो डबा घेऊन. दारातनंच त्यांनी बघितलं, डबा बाकावर ठेवला, पुढं होऊन क्रिस्टलच्या पायाला नुसतं बोट लावलं. सगळे दिवे लागले! “सर, पायाशी दोन बारके कपॅसिटर लागतेत. एक बसवायचा राहिला जणू. तुमची सुई तेवढं वझं उचलत होती, आता माझं बोट उचलून राहिलंय.” पाहुणे माझ्याकडं पाठ करून त्यांना म्हणाले, “आपण कुठल्या महाविद्यालयात होता?” साडू म्हणाले, “देवणीच्या बाजारात.” त्या दिवशीचे धपाटे मला गोड लागले नाहीत.

मग तो दुष्काळ आला, लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तो. आमच्या घरात आंघोळीचं पाणी फरशीला आणि फरशीचं संडासाला, असा हिशेब चालला होता. उदगीरला सासऱ्यांच्या वसाहतीत रोज सकाळी टँकर यायचा आणि वरच्या टाकीत पाणी टाकायचा. उतारावर एकाखाली एक सहा गल्ल्या. प्रत्येक गल्लीच्या तोंडाला चार नळ. पहिल्या गल्लीचं झालं की दुसरी, मग तिसरी, असं पाणी सोडायचं. भांडणं इतकी वाढली की एकदा घागरीनं घागर फोडली गेली. आमचे सासरे, मामा, निवृत्त मुख्याध्यापक आणि पाणी समितीचे अध्यक्ष. त्यांनी ठरवलं, प्रत्येक गल्लीला दहा मिनिटं, एक सेकंद इकडं नाही, एक सेकंद तिकडं नाही. बैठकीत साडूंनी एकदाच तोंड उघडलं: “मामा, सहाव्या गल्लीपस्तोर टाकी तळाला जाती, पाइपही लांब, जोर राहत न्हाई. त्यांना जरा जादा द्या.” पहिल्या गल्लीतले एक अडतवाले ताडकन उठले, “का? ते काय जावई हायेत का?” मामा म्हणाले, “मिनिट सगळ्यांना सारखं. आयुष्यभर मी सारखेपणासाठी भांडलो, आता म्हातारपणी त्यात फाटे फोडू नका.”

साडूंनी सहा पेट्या बनवल्या, गल्लीला एक. बटण दाबलं की नळ सुरू, दहा मिनिटं झाली की आपोआप बंद आणि शिट्टी. लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा मामा म्हणाले, “आमचे थोरले जावई प्राध्यापक आहेत. ते तपासतील.” मला कोण आनंद झाला म्हणून सांगू! साडूंनी चिपला लिहून दिलेला सगळा प्रोग्राम मी दोन तास बारकाईनं वाचला. चूक सापडावी म्हणून देव पाण्यात घालायचेच तेवढे बाकी ठेवले होते, आणि तेही पाणी नव्हतं म्हणून. सापडली नाही. सहाही पेट्यांत तोच प्रोग्राम, तेच सहाशे सेकंद. नाइलाजानं मी ‘तपासले, सर्व समान आहे’ असं लिहून सही केली. वसाहतीत साडूंचा जयजयकार सुरू झाला. बाया त्यांना रस्त्यात थांबवून जयभीम घालू लागल्या. सासूबाई तर “आमच्या धाकट्यांनी” याशिवाय वाक्यच सुरू करेनात.

मला हे सहन झालं नाही. खेळाच्या शिक्षकांकडून मी स्टॉपवॉच मागून आणलं आणि एका रविवारी सकाळी, फिरायला निघाल्यासारखा, गल्लीगल्लीत उभा राहिलो. पहिली गल्ली, दहा मिनिटं. दुसरी, दहा. पाचव्या गल्लीपर्यंत मी अगदी रडकुंडीला आलो. सहाव्या गल्लीत शिट्टी वाजली तेव्हा हातातल्या घड्याळात दहा मिनिटं एक्कावन्न सेकंद झाले होते. एक्कावन्न! मी तिथंच डोळे मिटून भागाकार केला. बाराच्या ठोक्यांसाठी लिहिलेला प्रोग्राम अकरावाल्या, म्हणजे नेमकं बोलायचं तर ११.०५९२ च्या, क्रिस्टलवर चालवला, तर दहा मिनिटांत बरोबर एवढेच सेकंद वाढतात. साडूंनी सहाव्या पेटीत चुकून अकरावाला बसवला होता. देवा रे देवा, पदवी मिळाली त्या दिवशीसुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता.

मामांच्या ओट्यावर समिती बसली होती. मी पेटी काढून आणली, सगळ्यांसमोर उघडली, क्रिस्टलच्या टोपीवरचा आकडा मोठ्यानं वाचला आणि वर्गात घेतो तसा तासच घेतला. अडतवाले उसळले, “म्हणजे टाकीत आमच्या उद्यासाठी उरायचं ते पाणी ह्यांना जाऊन राहिलं होतं!” मामांनी धाकट्या जावयाकडं बघितलं. “काय हो?” साडूंनी माझ्याकडं बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं, हे मला नंतर आठवलं. मग म्हणाले, “हाव मामा, चूक माझीच. हात चुकला. सर म्हणत्यात ते दुरुस्त हाय.” पानाचा डबा उघडला, चुन्याच्या कप्प्यातला बारावाला काढला, तिथंच बसवला आणि काढलेला अकरावाला माझ्या तळहातावर ठेवला. “ठेवा तुमच्यापाशी.” त्या दिवशी सासूबाईंनी पहिला चहा मला दिला. भर दुष्काळात काठोकाठ भरलेला कप! सुनंदा मात्र माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. मला वाटलं, बहिणीच्या नवऱ्याचा कमीपणा हिला बोचला असेल.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम सहाव्या गल्लीत गेलो. चूक पकडणारे सर म्हणून लोकांनी बघावं, एवढाच हेतू. शेवटच्या पत्र्याच्या घरात गयाबाई राहतात, विटांच्या कामावर जातात. गल्लीच्या तोंडाशी त्या भरत होत्या त्या नळाला करंगळीएवढी धार होती. शेवटची घागर अर्धी झाली आणि शिट्टी वाजली. अर्धी घागर कडेवर घेऊन त्या म्हणाल्या, “मागल्या हप्त्यापस्तोर भरत होती, सर. शेवटाला चारी नळांवर एक एक घागर निघायची. आता न्हाई निघत.” मी विचारलं, “का बरं?” त्या म्हणाल्या, “मशीन दुरुस्त झाली म्हणत्यात.”

चुन्याच्या कप्प्यात बारावाले, काताच्या कप्प्यात अकरावाले. आयुष्यात ज्यांचा हात या कप्प्यातून त्या कप्प्यात गेला नाही त्यांचा हात चुकला, आणि तो नेमका सहाव्या गल्लीच्या पेटीत? ते चुकले नव्हते. सगळ्यांसमोर, माझ्या तोंडाकडं बघून, चुकलो म्हणून ते खोटं बोलले होते. त्या क्षणी मला काय वाटलं, खरं सांगू? लाज नाही वाटली. आधी हेवाच वाटला. बारा आणि अकरा यांतला फरक मी वीस वर्षं फळ्यावर लिहितो आहे, पण त्यातून चार घागरी पाणी निघतं हे मला एकदाही सुचलं नव्हतं. लाज त्यानंतर वाटली, आणि मग ती चांगली आठवडाभर पुरली.

मी तडक दुकान गाठलं. “साडूभाऊ, मुद्दाम केलं होतं ना?” ते एका रेडिओचे पाय बघत होते. मान वर न करता म्हणाले, “मिनिट समद्याला सारखं हाय, सर. पाणी कुठं सारखं हाय?” “मग प्रोग्राममध्येच वाढवायचे ना सेकंद! हे क्रिस्टलचं कशाला?” आता त्यांनी मान वर केली. “प्रोग्रामावर तुमची सही होणार होती. ती खोटी पडली असती. प्रोग्राम खराच ठिवला. सही तुमची अजून खरी हाय.” मला रडू येईल असं वाटलं म्हणून मी जोरात ओरडलो, “पेटी आणा ती इकडं!”

तोवर दुपार झाली होती, नळाची वेळ टळून गेली होती. पेटी आणली. खिशातला अकरावाला मी काढला आणि म्हणालो, “मी बसवतो. तुम्ही हात लावायचा नाही.” साडू मांडीवर हात ठेवून बसले. सोल्डरचं वितळलेलं कथील एवढं पडलं की त्याचा बोराएवढा गोळा झाला. एकदाचं झालं, बटण दाबलं. पेटी मेलेली. माझं तोंड उतरलं. साडू हळूच म्हणाले, “बोट लावा, सर.” मी क्रिस्टलच्या पायाला बोट लावलं आणि हिरवा दिवा लुकलुकायला लागला. शेजारचा कपॅसिटर माझ्या त्या धांदलीत सुटला होता. तो पुन्हा नीट जोडला आणि बोट काढलं. दिवा लुकलुकतच राहिला. माझ्या हातानं केलेली आणि मी हात काढल्यावरही चालणारी ती माझ्या आयुष्यातली पहिली वस्तू. आम्ही पेटी जागेवर नेऊन लावली.

पण अडतवाले काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. एकदा चूक निघाली म्हणजे पुन्हा निघेल, सगळ्या पेट्या सगळ्यांसमोर तपासा, म्हणाले. आला का घोळ! रविवारी समिती, मामा, साडू आणि स्टॉपवॉच घेतलेला मी, अशी वरात निघाली. पाच गल्ल्या झाल्या. सहाव्या गल्लीत गयाबाईंनी बटण दाबलं. दहा मिनिटं झाली. धार चालूच. मी घड्याळावर हात आडवा धरला. वीस सेकंद. तीस. आता कुणी विचारलं तर सही, नोकरी, थोरलेपण, सगळं इथंच उतारावरून वाहून जाणार. चाळीस. गयाबाईंची घागर गळ्यापर्यंत आली. शिट्टी वाजली. मी वर्गात हजेरी घेतो त्या आवाजात म्हणालो, “दहा मिनिटं. बरोबर.” अडतवाल्यांनी मामांकडं बघितलं. मामांच्या मनगटावर नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनचं घड्याळ आहे. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, चांगलं निरखून बघितलं, मग सदऱ्याची बाही खाली ओढून घड्याळ झाकलं. “सरांनी तपासलंय म्हटल्यावर झालं,” म्हणाले आणि वळले.

तेवढ्यात माझ्या हातावर टॉवेल पडला. चारचौघांत, भर रस्त्यात. खाली साडूंनी माझा हात धरला. आधी पाचही बोटं घट्ट दाबली. मग एकच बोट. एक्कावन्न. मी हात सोडवून घेतला नाही.

पुढं पाऊस झाला, नळाला पाणी आलं, पेट्या उतरल्या. पाच पेट्यांचे सुटे भाग साडूंनी कधीच वापरून टाकले. सहावी मला हवी होती, दोनदा मागितली, त्यांनी दिली नाही. ती दुकानात फळीवर आहे, झाकण काढलेली, बोराएवढा सोल्डरचा गोळा सगळ्यांना दिसेल अशी. जिल्हा अजून झाला नाही, पाटीवरची जागा अजून कोरी आहे. परवा मी गेलो तेव्हा कुणी गिऱ्हाईक त्या पेटीकडं बोट दाखवून विचारत होतं. साडू म्हणाले, “ते आमच्या थोरल्या साडूंचं काम हाय. मला जमलं नसतं.” चेहरा इतका सरळ, की गिऱ्हाइकानं विश्वास ठेवला. मी दारात उभा होतो. एवढं चांगलं खोटं एवढ्या सहज मला अजून बोलता येत नाही. जळतो मी या माणसावर, आजही जळतो. मी आत गेलो आणि न सांगता त्यांच्या मांडीवरच्या टॉवेलखाली हात सरकवून बसलो.